एकशे छप्पन्नावं नाव

अण्णा, सव्वासहा वाजलेत. नितीन सातला उठतो. तेवढ्या पाऊण तासात मला तुमच्याशी बोलून घ्यायचंय, कारण तो उठला की मला एक पैज फेडायची आहे. हो, या वेळी मी हरलेय. हसू नका.

आज सोमवार. तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. लोकांचे तुमचे गुण गाऊन झाले. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले तुमचे जुने सोबती आले होते, सोफ्याच्या कडेवर बसून म्हणत होते, "साहेबांनी तेहतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली, पण कधी आवाज चढवला नाही." मी चहाचा ट्रे धरून मान हलवत होते. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं की तुमचा हा गरीब गाय साहेब गेली चार वर्षं आपल्या सुनेशी गोल्फच्या स्पर्धांवर पैजा लावत होता, आणि त्याही असल्या की वेड्यानंसुद्धा लावू नयेत. नाही बोलले. नितीन शेजारीच उभा होता, आणि त्याला यातलं काही म्हणजे काही माहीत नाही.

तुम्ही पहिल्यांदा गोल्फ लावलंत ते आठवतंय ना? सासूबाई गेल्यानंतरचे दिवस. मी हॉलमधल्या टेबलावर दहावीचे गणिताचे पेपर तपासत बसायचे आणि तुम्हाला टीव्हीशिवाय करमायचं नाही. बातम्या लावल्या की माणसं भांडायची, मालिका लावली की बायका भांडायच्या, आणि मी लाल पेन आपटायचे. एक दिवस चॅनेल बदलता बदलता तुम्ही एका हिरव्यागार मैदानावर थांबलात. माहिती सांगणारा माणूस चक्क कुजबुजत होता. शपथेवर सांगते, टीव्हीतला माणूस कुजबुजताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. तुम्ही म्हणालात, "हे बरंय. हे लोक तुला पेपर तपासू देतील." मग ते बरंय चार वर्षं चाललं.

आपल्या नाशिकात गोल्फ म्हटलं की लोकांना गोल्फ क्लबचं मैदान आठवतं. तिथं सकाळी लोक चालतात, सभा होतात, क्रिकेट होतं, गोल्फ सोडून सगळं होतं. तुम्ही तुमच्या चुलतभावाला फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलंत, "मी आजकाल गोल्फमध्ये आहे," तर तो म्हणाला, "बरं केलंस, चालणं होतं." तुम्ही फोन ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलंत की माझ्या हातून एका मुलाला दोन मार्क जास्त गेले.

नियम तुम्हीच शिकवलेत. एकशे छप्पन्न खेळाडू, गुरुवार ते रविवार चार दिवस, रोज अठरा होल म्हणजे चेंडू घालायचे अठरा खड्डे, ज्याचे फटके सगळ्यात कमी तो जिंकला. शुक्रवारी संध्याकाळी निम्म्याहून जास्त लोकांना घरी पाठवतात, त्याला कट म्हणायचं. एवढं कळलं आणि माझी जीभ वळवळली. मी विचारलं, "कोण जिंकेल अण्णा?" तुम्ही यादी खाली खाली सरकवत नेलीत आणि अगदी शेवटच्या नावावर बोट ठेवलंत. तिकडच्या सट्टेबाजारात त्याच्यावर एकाला पाचशे असा भाव होता. मी पंचवटीच्या भाजीबाजारात वाढलेली, वडिलांचा गाळा होता तिथं. भाव मला कळतो. एकाला पाचशे म्हणजे त्या मालाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

"हा जिंकला तर तुम्ही मागाल ते देईन," मी म्हटलं.

"आणि हरला तर?"

"तंबाखू बंद."

"बरं. तुझ्याकडे कोण?"

"माझ्याकडे बाकीचे सगळे. एकशे पंचावन्न."

तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. "सूनबाई, ही पैज आहे का दरोडा?" पण लावलीत. शुक्रवारी तुमचा माणूस कट झाला, आणि सोमवारी सकाळी तुम्ही तंबाखूची डबी आणून माझ्या ओट्यावर ठेवलीत. नितीन ती डबी पंधरा वर्षं मागत होता. "हरलेली पैज सोमवारी फेडायची, आणि पहिल्या चहाच्या आधी," तुम्ही म्हणालात, "नाहीतर चहा बेचव लागतो." मग तोच कायदा झाला.

त्यानंतर मी काय काय जिंकलं तुमच्याकडून! लोणचं जिंकलं. मार्चमध्ये सकाळचा दुसरा चहा जिंकला. कानाचं मशीन तर दोनदा जिंकावं लागलं, कारण पहिल्या वेळी तुम्ही ते खिशात घालून हिंडलात. नितीनला वाटायचं, तुमच्यापाशी माझ्या शब्दाला फार वजन आहे. कसलं वजन अन् कसलं काय! माझ्यामागे एकशे पंचावन्न माणसं उभी होती. "सुनेशी पैजा लावतो म्हणून कळलं तर लोक तोंडात शेण घालतील," असं म्हणून तुम्ही तोंडावर बोट ठेवलं होतंत, आणि मलाही ते चोरटं गुपित आवडायला लागलं होतं.

तुम्ही मात्र दर वेळी तेच करायचात. यादीच्या तळाला जायचं आणि शेवटचं नाव घ्यायचं. मी डोकं फोडून घ्यायचे. "अहो, निदान मधला तरी घ्या!" मी तुम्हाला हिशेब मांडून दाखवला. संभाव्यता हा धडा मी दरवर्षी शिकवते. एकशे छप्पन्न भागिले एक नव्हे, एक भागिले एकशे छप्पन्न, आणि तेसुद्धा सगळे सारखे असतील तर. तुमचा तो तर त्याहून कमी. "म्हणजे जवळजवळ शून्य," मी फळ्यावर लिहावं तसं हवेत लिहिलं.

"जवळजवळ म्हणजे किती?"

"म्हणजे शून्यच समजा."

"समजा कशाला? कमी आहे म्हण. शून्य नाही." मग तुमची ती सुई यायची. कंट्रोल रूममधली एक सुई, जी कधीच लाल पट्टीत जात नाही म्हणून सगळे तिच्याखाली डबे ठेवून जेवायचे. तुम्ही तेवढे तिच्याकडे तोंड करून जेवायचात. तेहतीस वर्षांत ती एकदा गेली, आणि तेव्हा बघणारे तुम्ही एकटे होतात. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की तुम्ही सुरुवात केली की मीच शेवट करायचे. ऐकत मात्र नव्हते, अण्णा. हे मला आता कळतंय.

आणि तुमची मागणी. माझ्या अटी दर वेळी बदलायच्या, तुमची तीच. जिंकलात तर एक गोष्ट मागणार, मी नाही म्हणायचं नाही. काय मागणार, ते सांगायला तयार नाही. मी नाना तऱ्हेनं काढून बघितलं. गावाकडे एकटं राहायला जायचंय? दुसरा चहा परत हवाय? सासूबाईंच्या नावानं काही करायचंय? तुम्ही नुसते मिशीत हसायचात. मी म्हणायचे, "राहू द्या, जिंकताय कशाला तुम्ही!" आणि विषय तिथंच संपायचा.

मग तो बुधवार आला. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर तुम्ही कठडा धरून थांबलात आणि म्हणालात, छातीत भरून आल्यासारखं होतंय. डॉक्टरांनी पट्ट्या लावल्या, कागद बघितला. "अँजिओग्राफी करून घ्या. आठवड्याच्या आत करा. लगेच काही होण्याची शक्यता कमी आहे, पण टाळू नका." नितीननं सोमवारी सकाळी नऊची वेळ घेतली. त्यानं कारखान्यात रजा टाकली, मी शाळेत टाकली. आणि तुम्ही घरी येऊन हाताची घडी घातलीत ती घातलीत. "त्या टेबलावर माझा एक सोबती चालत गेला होता. परत आला तो स्ट्रेचरवर. मी नाही जाणार." नितीन समजावून थकला, मग ओरडला, मग दार आपटून आत गेला.

गुरुवारी सकाळी तुम्ही माझ्याजवळ आलात. हातात माझाच मोबाइल, त्यावर यादी. "लाव पैज."

बोट शेवटच्या नावावर होतं. ओळखीचं नाव. त्याचे वडील सुतारकाम करतात असं त्या कुजबुजणाऱ्यानं एकदा सांगितलं होतं, म्हणून आपण त्याला सुतारच म्हणायचो. याआधी तुम्ही त्याला सात वेळा घेतलं होतंत आणि सातही वेळा तो शुक्रवारी घरी गेला होता. "हा हरला तर सोमवारी नऊ वाजता मी स्वतः पायात चपला घालून उभा राहीन. कुरकुर नाही," तुम्ही म्हणालात. "जिंकला तर माझी मागणी. आणि दवाखान्याचं नाव काढायचं नाही."

मी कशाला नाही म्हणते! मला तर आयतं ताटात वाढून आल्यासारखं झालं. तंबाखू सुटली होती, मशीन कानात बसलं होतं, आता ही तपासणीही होणार. मी त्याच दुपारी नितीनला फोन करून सांगितलं, "अण्णा तयार झालेत." तो म्हणाला, "तू आहेस म्हणून हे घर चाललंय गं." मी फुशारून गेले. तुमच्या जिवाचा विषय होता आणि मी तो एका अनोळखी माणसाच्या काठीवर टांगून ठेवला होता, हे तेव्हा मनाला शिवलंही नाही. कारण माझ्या लेखी ती पैज नव्हतीच. ती खात्री होती.

तुमचा फोन बटणांचा, म्हणून सुताराच्या प्रत्येक होलची सूचना तुम्ही माझ्या मोबाइलवर लावून घेतली होतीत. शुक्रवारी संध्याकाळी मी जादा तास आटोपून शिक्षकांच्या खोलीत चहा घेत होते, तेव्हा पर्समध्ये टिंग वाजलं. सुतार कटमधून वाचला होता. मी घरी आले तर तुम्ही दारातच उभे. "कमी," तुम्ही बोट वर करून म्हणालात, "शून्य नाही." मी हसले. शनिवारी तो चौथा आला आणि मला जेवण गेलं नाही.

रविवारी आपण दोघं चार वाजल्यापासून टीव्हीसमोर. नितीन मध्येच डोकावून म्हणाला, "काय बघताय हे, गवत वाढताना?" आणि गेला. सुतार पुढे होता. एका फटक्यानं. तुम्ही मांडीवर दोन्ही हात घट्ट धरून बसला होतात आणि मी खेळ सोडून तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते, ओठ निळे तर नाहीत ना पडत म्हणून. मी मनात त्या बिचाऱ्या पोराला शिव्या घालत होते. चूक अरे, चूक, घाल ना तो चेंडू पाण्यात! तो चुकेना. चार होल राहिले आणि तिकडे आभाळ काळं झालं, भोंगा वाजला, विजेच्या भीतीनं सगळे खेळाडू आत नेले. कुजबुजणारा म्हणाला, उरलेला खेळ उद्या सकाळी. आपल्याकडचे दुपारचे बारा.

"चला," मी टीव्ही बंद करत म्हटलं, "उद्या नऊला दवाखाना. तयारी करा."

"निकाल कुठं लागलाय?"

"अण्णा!"

"निकाल नाही, तर दवाखाना नाही. चार्ज दिल्याशिवाय मी कधी खुर्ची सोडलेली नाही, सूनबाई. पुढचा माणूस येऊन सही करेपर्यंत तिथंच बसायचं. बारापर्यंत बसू. हरला तर मंगळवारी नेशील."

मी चिडले. मी खूप चिडले. आणि मग घाबरून विचारलं, "मागणार काय आहात तुम्ही? आता तरी सांगा." "आत्ता सांगितलं तर ती विनंती होईल," तुम्ही म्हणालात. "जिंकून मागितलं की हक्क."

तेव्हा जे विचारायचं होतं ते आता विचारते. आमच्या घरात तुम्हाला काही मागायला पैज जिंकावी लागत होती का हो? चार वर्षं मी तुमचं लोणचं काढलं, चहा काढला, तंबाखू काढली, सगळं तुमच्या भल्यासाठी, सगळं हसत हसत. तुमच्या हातात काय ठेवलं होतं मी? टीव्हीचा रिमोट आणि यादीतलं शेवटचं नाव. हे भांडण अर्धंच राहिलं आपलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं गं." मग मी म्हटलं असतं, "असं बोललातच कशाला?"

पण मी तेव्हा भांडले नाही. मी गॅलरीत गेले आणि दवाखान्यातल्या बाईंना फोन केला. मी. माझ्या हातानं. "उद्याची वेळ मंगळवारी करता येईल का?" त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना विचारलं का तुम्ही?" मी म्हटलं, हो, विचारलंय. विचारलं नव्हतं. मग आत येऊन नितीनला सांगितलं, "दवाखान्यातून फोन आला होता, उद्या गर्दी आहे, मंगळवारी बोलावलंय." त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "असं कसं ऐन वेळी?" मी म्हटलं, "एका दिवसानं काय होतंय?" तो रजा रद्द करून सोमवारी कामावर गेला.

आणि आता अगदी खरं सांगते, कारण तुम्ही आता कुणाला सांगणार नाही. मी तो फोन नुसता तुमच्या हट्टापायी केला नाही. मलाही निकाल बघायचा होता.

सोमवारी सकाळी तुम्ही दाढी केलीत, इस्त्रीचा सदरा घातलात. अकरा वाजता टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसलात. समोर कोथिंबिरीची जुडी होती, ती निवडत होतात. म्हणालात, "सूनबाई, आज अर्धा कप चहा टाक. सण आहे." मी आतूनच ओरडले, "दुसरा चहा नाही! मार्चमध्ये हरलाय तुम्ही तो!" तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, रुसलात. दोन मिनिटांनी बाहेर आले तर कोथिंबीर खाली सांडलेली आणि तुमचा हात छातीवर. चेहऱ्यावर रुसवा नव्हता, आश्चर्य होतं.

खालच्या मजल्यावरच्या लोकांनी खुर्चीसकट उचलून नेलं तुम्हाला. रुग्णवाहिकेत मी तुमचा हात धरून सारखी म्हणत होते, "देते अण्णा, चहा देते, घरी चला." दवाखान्यात पडद्यामागे नेलं आणि मला थांबवलं. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते. पर्समध्ये टिंग वाजलं. एक होल. मी नितीनला फोन लावत होते, तो गाडी काढत होता, सातपूरहून येत होता. टिंग. दुसरा. पडद्यातून डॉक्टर बाहेर आले. त्यांनी चष्मा काढला आणि मला बसायला सांगितलं. मी बसले नाही. त्यांचं बोलणं संपायच्या आत तिसऱ्यांदा वाजलं, आणि ते मोबाइलकडे बघून थांबले, महत्त्वाचा फोन असेल म्हणून. मी म्हटलं, "नाही, तुम्ही बोला."

चौथ्यांदा वाजलं तेव्हा माझ्या हातात एक कागद होता आणि तुमचं पूर्ण नाव लिहायचं होतं. मी मोबाइल बाहेर काढला. का काढला ते विचारू नका. सुतार एका फटक्यानं जिंकला होता.

डॉक्टर म्हणाले होते, शक्यता कमी आहे. मी म्हणाले होते, शक्यता कमी आहे. दोन्ही कमी गोष्टी एकाच दिवशी, तासाभराच्या अंतरानं घडल्या, आणि मी दोन्हींना शून्य समजून बसले होते. वीस वर्षं पोरांना संभाव्यता शिकवतेय मी.

दहाव्याला रामकुंडावर कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून आम्ही चार पावलं मागे सरलो नाही तोच आला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. तुमचे चुलतभाऊ म्हणाले, "समाधानानं गेला. काही इच्छा राहिली नव्हती." मला त्या कावळ्याचा असा राग आला! इच्छा राहिली नव्हती? जिंकलेल्या माणसाची मागणी बाकी होती. कावळ्याला काय माहीत, आणि चुलतभावाला तरी काय.

आता नितीनचं ऐका. तो रडला नाही फारसा. तो एकच गोष्ट घेऊन बसलाय. रोज रात्री जेवताना म्हणतो, "दवाखान्यानं सोमवारची वेळ बदलली नसती तर अण्णा टेबलावर असते, डॉक्टरांच्या समोर असते." मी भात कालवत राहते. आधी नुसतं म्हणायचा, मग रागानं म्हणायला लागला, मग त्यानं तारीख-वार लिहून काढले. गेल्या बुधवारी म्हणाला, "येत्या सोमवारी जातो आणि त्या बाईंना सगळ्यांसमोर जाब विचारतो. गर्दी होती म्हणे! माणसाच्या जिवापेक्षा गर्दी मोठी?" त्या बाईंनी मला विचारलं होतं अण्णा, डॉक्टरांना विचारलंत का म्हणून. त्यांची काही म्हणजे काही चूक नाही. आणि मी त्याच्यासमोर बसून ब्र काढला नाही. पोळी वाढली त्याला.

सांगायचं धाडस होत नाही. तो मला काय म्हणेल याची भीती आहेच, पण त्याहून जास्त भीती आहे तो काहीच म्हणणार नाही याची. "तू आहेस म्हणून हे घर चाललंय," असं म्हणणारा माणूस उद्या माझ्याकडे बघायचंच बंद करेल. दोन-तीनदा तोंड उघडलं मी. एकदा तर "नितीन, ऐक" इथपर्यंत गेले, आणि मग म्हटलं, गॅस संपत आलाय.

म्हणून गुरुवारी मी पैज लावली. तुमच्याशी. दुसरं कोण आहे माझ्याशी खेळणारं? नवी स्पर्धा, नवी यादी. मी बोटानं खाली खाली सरकवत गेले आणि शेवटचं नाव घेतलं. माझा एक, तुमचे एकशे पंचावन्न. तो जिंकला, तर तुम्ही मला सांगायचं की काय मागणार होतात. कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, स्वप्नात या नाहीतर कावळ्याला पाठवा. नाही म्हणायचं नाही. आणि तो हरला, तर सोमवारी सकाळी, चहाच्या आधी, मी नितीनला सगळं सांगणार.

मला ठाऊक होतं मी हरणार. तरीसुद्धा गुरुवारी आणि शुक्रवारी मी जिथं असेन तिथं मोबाइल बघत होते. फळ्याकडे तोंड करून बघत होते, भाजीवालीसमोर बघत होते. एक होल चांगला गेला की मी यादी पुन्हा पुन्हा सरकवून बघायचे. जिंकला तर? खरंच जिंकला तर मला सांगावं लागणार नाही! असा विचार आला आणि मला स्वतःची शिसारी आली, पण तरी आला. तुम्ही चार वर्षं दर आठवड्याला हे जगत होतात, हे मला पहिल्यांदा कळलं. तळाला राहिलेल्या माणसाकडे बघत बसायचं आणि मनात म्हणायचं, कमी आहे, शून्य नाही. तुम्हाला हसायचे मी.

शुक्रवारी संध्याकाळी माझा माणूस कट झाला. दोन फटक्यांनी. पडद्यावर तो टोपी काढून समोरच्याशी हात मिळवताना दिसला, पोरगेलाच होता. शनिवार गेला, रविवार गेला. काल रात्री नितीननं आजच्यासाठी शर्ट काढून खुर्चीवर ठेवला आणि तो लिहिलेला कागद खिशात घातला. तो शर्ट मला इथून दिसतोय.

तुमची मागणी मला कधीच कळणार नाही, अण्णा. मी रोज एक नवी कल्पना करते आणि रोज ती पुरेशी वाटत नाही. पण तुम्ही हरल्यावर कसे यायचात ते मला पक्कं माहीत आहे. आंघोळ करून, केस विंचरून, हातात जे द्यायचं ते घेऊन, मान वर करून. एकदाही म्हणाला नाहीत, पुढच्या सोमवारी देतो.

सातला पाच कमी आहेत. आधण ठेवलंय, पावडर टाकलेली नाही. केस विंचरलेत. आत पलंग वाजला. नितीन उठला. चपला शोधतोय.

येते अण्णा, फेडून येते.